हृद्‌शूलावरील शीघ्रकारी औषधे

हृद्‌शूलावरील शीघ्रकारी औषधे : हृदयाच्या स्नायूंना पुरेसा रक्तपुरवठा न झाल्यास छातीत उद्भवणाऱ्या वेदनेस हृद्‌शूल म्हणतात. तो त्वरित शमविण्यासाठी नायट्रोग्लिसरीन किंवा आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट यांची गोळी जिभेखाली ठेवतात. नायट्रोग्लिसरिनाचा हा उपयोग विल्यम मरेल या इंग्रज वैद्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. या औषधांनी नीला विस्फारतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते व हृदयावरील भार हलका होतो. परिणाम काही मिनिटांतच दिसतो.

गोळी वैद्याच्या सल्ल्यानेच व बसून घ्यावी. रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा संभव असतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास व टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ती वर्ज्य होय. नायट्रोग्लिसरीन बाष्पनशील असल्याने त्याच्या गोळ्या मूळ बाटलीतच घट्ट बंद करून उष्णता व प्रकाश यांपासून दूर ठेवतात. नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४०° से. च्या वर जात असल्याने ही दक्षता तेथे विशेष महत्त्वाची ठरते.

याच जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत वस्ती सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेली असून नर्मदाकाठच्या काही पाड्यांना होडीनेच जावे लागते. अशा ठिकाणी गोळी जवळ असणे उपयुक्त असले, तरी ती रक्तवाहिनीत साकळलेले रक्त विरघळवीत नाही. म्हणून पाच मिनिटांत वेदना न शमल्यास, किंवा घाम व धाप असल्यास, वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक असते.