ओरिजिनल आहे का?

गेलेल्या माणसाचा फोटो फ्रेमसाठी आला की स्टुडिओतल्या ऑपरेटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ओरिजिनल आहे का?" गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, आणि फोटो बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेला निघतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू व्हॉट्सॲप साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. १२ बाय १८ इंची फ्रेमला ३०० डीपीआयच्या हिशेबाने ५४०० लागतात. १६०० मध्ये फोटो सव्वापाच इंचांच्या पुढे गेला की फाटायला लागतो. आधी भुवयांचे केस जातात, मग चष्म्याच्या काडीला पायऱ्या पडतात. "घरी कॉम्प्युटरवर असेल," असं गिऱ्हाईक म्हणतं आणि अनेकदा ते खरंही असतं. पण नेमका कुठे, हे त्याला सांगता येत नाही. याचा दोष मी त्याला देणार नाही, सॉफ्टवेअरला देईन. मॅकवरच्या फोटोज ॲपची सगळी लायब्ररी बाहेरून एकच फाइल दिसते. तिच्यावर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' म्हटलं की आत 'ओरिजिनल्स' फोल्डर सापडतो, त्यात शून्य ते एफ असे सोळा फोल्डर, आणि फाइलींना कोणालाच न वाचता येणारी लांबलचक नावं. यातून आजोबा ओळखायचे कसे? विंडोजवर फोल्डर उघडे असतात, पण कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतात, म्हणजे नावावर भरवसा नाहीच. 'डेट टेकन' आणि 'डायमेन्शन्स' हे दोन रकाने लावले तरच माग लागतो.

लपवलंय ते बरंच, नाहीतर लोक आत हात घालून लायब्ररी मोडतील, असं कोणी म्हणेल. आत ढवळाढवळ करू नये हे बरोबरच. पण त्याची गरजही नाही. फाइल मेनूत 'एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल' आहे, फक्त ते असतं हे कोणी सांगत नाही. शिवाय जागा वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर मूळ फाइल आयक्लाउडवर आणि घरच्या मशीनवर नुसती छोटी प्रत, असंही होऊ शकतं. हल्ली दुसरा आक्षेप येतो: एआय देईल की मोठा करून! देईल, पण १६०० मध्ये नसलेल्या भुवया ते अंदाजाने काढणार. जाहिरातीत ते खपेल. हार घालायच्या फोटोत घरच्यांना चेहरा परका वाटला तर काय उपयोग? म्हणून जाणता ऑपरेटर प्रिंटला हात लावण्याआधी दुसरा प्रश्न विचारतो, "फोटो काढला कोणी होता?" मग पुण्यातल्या भाच्याला फोन जातो आणि त्याला बजावलं जातं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.