द्रावकाची निवड

अदृश्य प्रारणाची चाहूल घेण्याचे अनेक मार्ग आहेत. प्रारणाचा आघात होताच क्षणभर प्रकाशमान होणारा द्रव वापरणे हा त्यांपैकी एक होय. अशा द्रवाला प्रस्फुरक द्रव म्हणतात. त्यात मुख्य भाग द्रावकाचा असतो आणि प्रत्यक्ष चमकणारा पदार्थ लिटरमागे जेमतेम काही ग्रॅम इतकाच विरघळविलेला असतो. प्रकाश देणारा पदार्थ निराळा असल्यामुळे द्रावक हे केवळ निष्क्रिय माध्यम असावे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. प्रारणाचा कण द्रवातून जातो तेव्हा तो जवळजवळ सारी ऊर्जा द्रावकाच्याच रेणूंना देतो. ती एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात चमकणाऱ्या पदार्थापर्यंत पोचली, तरच प्रकाश निघतो. हे काम बेंझीनच्या कुळातील द्रव उत्तम करतात. कारण त्यांच्या षट्कोनी कड्यातील काही इलेक्ट्रॉन एका अणूशी जखडलेले नसून साऱ्या कड्यावर पसरलेले असतात व सहज उत्तेजित होतात. पाणी वा अल्कोहोल घेतल्यास बहुतेक ऊर्जा वाया जाते.

प्रारंभी टोल्यूइनला पसंती मिळाली. १९५३ साली रेनेस आणि कोवन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हॅनफर्ड येथील अणुभट्टीजवळ न्यूट्रिनोचा शोध घेतला, तेव्हा त्यांच्या टाकीत सुमारे ३०० लिटर टोल्यूइनयुक्त द्रव होता. परंतु टोल्यूइनची वाफ विषारी असते आणि सुमारे ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते. प्रयोगशाळेतील लहानशा कुपीत हा दोष खपून जातो, मोठ्या टाकीत नव्हे. १९५६ साली सॅव्हाना रिव्हर येथे न्यूट्रिनोचे अस्तित्व सिद्ध झाले, त्या वेळी त्यांनी ट्रायएथिलबेंझीन वापरले होते.

पुढे स्यूडोक्यूमीन पुढे आले. त्याचा प्रकाश भरपूर, प्रतिसाद जलद. इटलीतील ग्रान सास्सो पर्वताच्या पोटातील बोरेक्सिनो प्रयोगासाठी हेच निवडण्यात आले. खनिज तेलापासून बनविलेल्या द्रवातील कार्बन लक्षावधी वर्षे भूगर्भात राहिलेला असल्यामुळे त्यातील किरणोत्सर्गी कार्बन-१४ जवळजवळ नाहीसा झालेला असतो, हाही एक लाभ होता. तथापि या पर्वतातील पाणी आसपासची गावे पिण्यासाठी वापरतात. ऑगस्ट २००२ मध्ये सुमारे ५० लिटर स्यूडोक्यूमीन सांडले आणि सांडपाण्यावाटे बाहेरच्या ओढ्यात पोचले. ही मात्रा एका पिंपाच्या चतुर्थांशाएवढी. पण द्रवपदार्थांची हाताळणी बंद करावी लागली व प्रयोग काही वर्षे रखडला. निरीक्षणास २००७ मध्येच आरंभ झाला. द्रावकाची निवड ही केवळ प्रकाशाच्या मोजमापाची बाब नाही, हे येथे सर्वांना महागात पडून कळले.

पात्राचाही विचार करावा लागतो. स्यूडोक्यूमीन ॲक्रिलिकचे पात्र खराब करते. म्हणून बोरेक्सिनोत नायलॉनचा फुगा वापरला गेला. जपानमधील कॅमलँडमध्ये ८० टक्के डोडेकेन आणि २० टक्के स्यूडोक्यूमीन असे मिश्रण करण्यात आले. डोडेकेनमध्ये बेंझीनचे कडे नसते, त्यामुळे प्रकाश काहीसा घटतो. पण द्रव अधिक सौम्य होतो.

आज मोठ्या टाक्यांसाठी बहुधा रेषीय अल्किल बेंझीन घेतात. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या कपडे धुण्याच्या पावडरीचा हा कच्चा माल! त्यामुळे तो हजारो टनांनी आणि स्वस्त मिळतो. त्याची वाफ पेटण्यास सुमारे १३० अंश वा अधिक तापमान लागते, वास जवळजवळ येत नाही आणि ॲक्रिलिकला तो अपाय करत नाही. कॅनडातील एसएनओ प्लस प्रयोगाने याच कारणासाठी तो स्वीकारला. चीनमधील जूनो या प्रयोगात, जेथे ऑगस्ट २०२५ मध्ये निरीक्षणे सुरू झाली, ३५.४ मीटर व्यासाच्या ॲक्रिलिक गोलात २० हजार टन द्रव भरलेला आहे.

एवढ्या अंतरातून येणारा प्रकाश वाटेतच शोषला जाऊ नये म्हणून द्रव अत्यंत पारदर्शक असावा लागतो. त्यासाठी जूनोत तो प्रथम ॲल्युमिनाच्या थरातून गाळतात, मग ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात, चमकणारे पदार्थ मिसळल्यावर पाण्याने धुतात आणि शेवटी वायूच्या प्रवाहाने त्यात विरघळलेली हवा काढून टाकतात. कारण हवेतील ऑक्सिजनचा अल्पसा अंशही उत्तेजित रेणूंची ऊर्जा हिरावून घेतो आणि चमक मंदावते.