विडी, साखर आणि फाटकावरची झडती

जवाहरनगरात राहणाऱ्या माणसास झडती म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. येथील आयुध निर्माणीत बारूद होते, आणि जेथे बारूद तेथे काडेपेटी, विडी, लायटर यांस मज्जाव. २०२१ साली सगळ्या आयुध निर्माणींचा कारभार मंडळाकडून कंपन्यांकडे गेला. पाटी बदलली, झडती बदलली नाही. कामगार आत जाताना विडीचे बंडल बाहेर ठेवतो आणि पाळी संपेपर्यंत तिच्यावाचून राहतो. दिवसाला तीस विड्या ओढणारा गडीसुद्धा राहतो. फाटकाबाहेर पाऊल पडते न पडते तोच मात्र त्याचा हात खिशाकडे जातो. आता प्रश्न असा की, ज्याला आत आठ तास विडी लागत नाही त्याला बाहेर आठ मिनिटे का निघत नाहीत? या एका प्रश्नाने आम्हांस जे शिकविले ते मोठमोठ्या पुस्तकांनी शिकविले नाही, आणि आमचे शिक्षण तर पुस्तकांपेक्षा सभांतूनच अधिक झालेले आहे.

आम्ही स्वतः कारखान्यातले नव्हेत. आमचे आयुष्य विडी कामगारांत गेले. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी नव्या चपलेने अंगठा चावला, आणि ती एवढीशी जखम दोन महिने भरेना. तपासले तेव्हा उपाशीपोटी साखर २४० निघाली. डॉक्टरांनी विचारले, "विड्या किती?" आम्ही म्हटले, "दहाबारा." खरा आकडा पंचवीस होता. मालकाच्या खोट्या हजेरीपटाविरुद्ध भांडणाऱ्या माणसाने स्वतःचा हजेरीपट असा खोटा लिहावा, याची लाज आम्हांस नंतर पुष्कळ दिवस वाटली.

मधुमेहात विडी विशेष घातक का, हे आपल्या जिल्ह्यातील माणसास धानाच्या बांधीवरून चटकन उमजेल. पाटाचे पाणी जवळच्या बांध्यांना आधी मिळते आणि शेवटच्या बांधीला सर्वांत मागून. शरीरात ही शेवटची बांधी म्हणजे आपले पाऊल. वाढलेली साखर वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची खराबी करते. पाटात गाळ बसावा तसे होते. त्यावर विडीतील निकोटीन त्याच वाहिन्या आवळते, म्हणजे गाळ भरलेल्या पाटाची झडप कोणीतरी आणखी खाली पाडतो. आणि जे थोडे रक्त पोहोचते, त्यातला प्राणवायूही धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने अडविलेला असतो. साखरेने पायाच्या संवेदना बोथट झालेल्या असतात, म्हणून काटा रुतला तरी कळत नाही. कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. बोटे किंवा पाय कापण्याची पाळी येते ती अशा वाटेने. डोळ्यांच्या पडद्यातील आणि मूत्रपिंडातील बारीक वाहिन्यांची गोष्टही याहून फारशी निराळी नाही.

एवढ्यावर भागत नाही. निकोटीनमुळे अंगात ॲड्रिनलिन सुटते, यकृत आपली साठवलेली साखर रक्तात ओतते, आणि इन्सुलिनचे काम मंदावते. गोळी एका हाताने साखर उतरविते आणि विडी दुसऱ्या हाताने चढविते. धूम्रपान करणाऱ्यांस प्रौढपणीचा मधुमेह होण्याचा संभव इतरांहून तीस ते चाळीस टक्क्यांनी अधिक असतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २०१४ चा अहवाल सांगतो. तेव्हा "आधी साखर आटोक्यात आणू, मग विडीचे पाहू" हा जो पुष्कळांचा बेत असतो, तो उलटा आहे. आमचाही तोच होता.

कोणी म्हणतात, विडी सिगारेटीपेक्षा बरी, पानाची आहे. तेंदूचे पान सच्छिद्र कागदासारखे नसते. विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते, आणि तिच्या धुरात निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीहून जास्तच उतरते. दुसरी पळवाट खर्र्याची. विडी सोडून खर्रा धरणारे आपल्याकडे थोडे नाहीत. धूर गेला हे खरे. पण सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेल्या त्या पुडीतले निकोटीन तेच, वाहिन्या आवळणे तेच, वर तोंडाच्या कर्करोगाची भर. मधुमेह्याच्या हिरड्या आधीच दुबळ्या असतात, हे निराळेच.

येथे आमच्या धंद्याची एक अडचण सांगितली पाहिजे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा झाला. त्यांतले हक्क पदरात पडावेत म्हणून आम्ही दारोदार फिरलो. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आयाबहिणींच्या अंगणात आमची सभा होई, आणि सभा सुरू होण्यापूर्वी एक विडी पेटे. ती ओढणे म्हणजे जणू निष्ठेची खूण. सोडल्यानंतर पहिल्याच सभेत एका बाईने विचारले, "भाऊ, तुम्हीच सोडली, मंग आमचं का होईल?" आमच्याजवळ पुरे उत्तर नव्हते, आजही नाही. तिला मजुरी हजार विड्यांमागे मिळे. आमच्या रोजच्या पंचवीस म्हणजे हजाराचा चाळिसावा भाग. तेवढ्या मजुरीसाठी पाय गमवावा असे तिचेही म्हणणे नव्हते. तिच्या हातांस दुसरे काम मिळवून देणे हे संघटनेचे कर्तव्य आहे, आणि ते आमच्या फुप्फुसांतून पार पडणार नाही. सहा महिन्यांनी तीच बाई नवऱ्याला घेऊन आली. त्यालाही साखर निघाली होती. "याची बी सोडवा," म्हणाली.

त्याला आम्ही फाटकाचीच गोष्ट सांगितली. तलफ ही केवळ अंगात नसते. हाताशी विडी असणे, ठरलेली जागा, ठरलेली वेळ यांच्यावरही ती पोसते. कारखान्यात वाट बंद असते म्हणून मन हुज्जत घालीत नाही. तेव्हा घराला फाटक घालावयाचे. आम्ही संपाची नोटीस द्यावी तशी पंधरा दिवस आधी तारीख जाहीर केली, चहाच्या टपरीवाल्यास "आम्हांला विडी देऊ नको" असे बजावले, घरातली प्रत्येक काडेपेटी सौभाग्यवतींच्या ताब्यात दिली. पहिले दोनतीन दिवस सर्वांत जड गेले. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ हे सारे झाले. तलफेची एक लाट मात्र काही मिनिटांतच ओसरते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, चार पावले चालून यावे. तीनचार आठवड्यांत जोर बराच उतरतो.

आता मधुमेह्याने विशेष ध्यानात धरावयाची गोष्ट. हात थरथरणे, घाम, अस्वस्थपणा, एकदम भूक ही साखर उतरल्याची लक्षणे, आणि विडी सुटल्याची लक्षणेही पुष्कळशी तशीच. चौथ्या दिवशी आम्ही तलफ समजून टपरीकडे निघालो होतो. मुलीने बोटाला सुई टोचून पाहिले तो साखर ६२! विडी नव्हे, साखरच हवी होती. म्हणून असे वाटले की आधी तपासावे. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. विडी सुटल्यावर इन्सुलिन अधिक चांगले लागू पडू लागते, म्हणून इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने सोडण्याची तारीख डॉक्टरांस आधीच सांगावी. मात्रा आपल्या मनाने कमी करू नये.

याच्या उलटही घडते. तोंडास चव येते, हात रिकामे राहतात, खाणे वाढते. पहिल्या वर्षात चारपाच किलो वजन चढणे सर्रास घडते, आणि काहींची साखर काही काळ थोडी वाढते. पुष्कळजण तेवढ्यावरून "विडीच बरी होती" असा निकाल देऊन मोकळे होतात. तो चुकीचा आहे. वाढ तात्पुरती असते, फायदा राहतो. विडीच्या जागी पेढा नको, फुटाणे किंवा काकडी असू द्यावी. निकोटीनची गोळी चघळावयाची झाल्यास डॉक्टरांस विचारून, बिनसाखरेची घ्यावी, आणि खर्र्यासारखी चावत न बसता थोडी चावून गालात धरावी. भारत सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. तेथे सल्ला मिळतो.

आमचा संप एकदा मोडला. एका लग्नाच्या मांडवात तीन विड्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक पुन्हा लावले. संप एकदा फसला म्हणून संघटना कोणी विसर्जित करीत नाही. त्या बाईच्या नवऱ्याचाही दोनदा मोडला, तिसऱ्यांदा टिकला. आता तो रोज रात्री पाय धुतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो, आणि तळवा स्वतःस दिसत नाही म्हणून ती दिव्याजवळ बसून पाहते.