फी भरण्यापूर्वी टॅग पाहा

सोयाबीनची रास आडतीवर गेली आणि हाती चार पैसे आले, की गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी संगणकवर्गांच्या पाट्या डोळ्यांत भरू लागतात. त्यांत ‘नेटवर्किंग’ हा शब्द हमखास असतो. ‘कोर्स करा, सर्टिफिकेट मिळवा, नोकरी पक्की!’ हे वाचून घरातला बारावी झालेला मुलगा वडिलांकडे पाहतो आणि वडील आईच्या गळ्यातल्या डोरल्याकडे. बी-बियाण्याचा माणूस संगणकावर काय बोलणार, असे कोणी म्हणेल. पण येथे बियाण्याचीच जाण उपयोगी पडते.

नेटवर्किंग म्हणजे नुसता संगणक वापरणे नव्हे. कालव्याचे पाणी वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून शेतात येते, तशीच माहिती मोठ्या तारांतून लहान तारांत आणि शेवटी बँकेच्या, दवाखान्याच्या, पंचायतीच्या संगणकात येते. पाणी कोणत्या चारीत सोडायचे ते दरवाजा ठरवतो. येथे ते काम राऊटर नावाची पेटी करते. प्रत्येक यंत्राला शेताच्या गट नंबरासारखा स्वतःचा क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. हे जाळे उभारणारा, तारा जोडणारा, बिघाड शोधणारा तो नेटवर्क तंत्रज्ञ. म्हणजे जाळ्यावरचा पाटकरीच म्हणा ना!

हे काम केवळ पुण्या-मुंबईचे राहिलेले नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तिलाच पुढे भारतनेट नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. गावातल्याच माणसाने ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून घरोघर जोडण्या द्याव्यात आणि त्यांची देखभाल करावी, अशी सोय त्यात आहे. पेटी बसवून भागत नाही, ती चालू ठेवणारा हात लागतो, हे विहिरीवरच्या मोटारीने आपल्याला कधीच शिकवले आहे.

‘आता या वयात शाळा?’ असे पस्तिशीतला माणूस म्हणतो. अहो, सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली, तेव्हा सासू-सून एका कंदिलाखाली पाटी गिरवीत. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्या मानाने आजची अडचण लहान आहे. आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय १४ वर्षे लागते, कमाल वयाची अट नाही. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. शाळा सुटली तेव्हा लग्न झाले म्हणून थांबलेल्या लेकी-सुनांनी तर याचा जरूर विचार करावा. बारीक, चिकाटीचे काम आहे. ओझी उचलण्याचे नाही.

आता मूळ मुद्दा. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग पाहतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणे. प्लॉट पाहणारी आणि नमुना तपासणारी बियाणे प्रमाणीकरण यंत्रणा वेगळी, विकणारा वेगळा. हिरवट लेबल म्हणजे सत्यप्रत. तेथे विकणारा स्वतःच हमी देतो. सत्यप्रत वाईटच असते असे नाही, पण हमी कोणाची हे कळून घ्यावे लागते. प्रशिक्षणाचेही तसेच आहे. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असेल, तर ते प्रमाणपत्र सत्यप्रत समजावे. गंगाखेडच्या बाजारात एका गृहस्थांनी मला मुलाचे प्रमाणपत्र दाखवले. कागद गुळगुळीत, शिक्का सोनेरी. पण मुलाला मुलाखतीत विचारले गेले, की परीक्षा कोणाची? त्याला सांगता आले नाही. फी मात्र उसनवारीने भरलेली!

निळ्या टॅगाची उदाहरणे पाहा. आयटीआयमध्ये ‘संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहे, दहावी उत्तीर्णांसाठी. त्याचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र सरकारमान्य असते. तो प्रत्येक आयटीआयत नसतो, तेव्हा आधी चौकशी करावी. एमएस-सीआयटी अनेकांनी केलेली असते. ती संगणक वापरण्याची ओळख, नेटवर्कची नव्हे.

कंपन्यांच्या परीक्षांत सिस्को या अमेरिकन कंपनीची सीसीएनए ही नावाजलेली. तिला बसण्यासाठी कोणत्याही पदवीची अट नाही. परीक्षा दोन तासांची, मूळ शुल्क ३०० डॉलर, म्हणजे आपल्याकडे करासह २५ हजारांच्या पुढे. नापास झाल्यास पुन्हा पूर्ण शुल्क. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, मग नूतनीकरण. मराठीतून ती देता येत नाही. इंग्रजी वाचून समजले पाहिजे. म्हणून माझे मत असे, की दहावी-बारावी झालेल्याने आधी आयटीआय करावे, हाताला काम लागू द्यावे आणि सीसीएनएचा विचार मागाहून करावा.

एखादा वर्ग ‘सीसीएनए’ म्हणत असेल तर विचारावे : परीक्षेचे शुल्क फीत धरले आहे का? प्रमाणपत्रावर नाव सिस्कोचे येणार की वर्गाचे? खरे राऊटर हाताळायला मिळतात की फळ्यावरची चित्रेच? ‘नोकरी पक्की’ हे पावतीवर लिहून देता का? या शेवटच्या प्रश्नाला सहसा हसूनच उत्तर मिळते.

मुलाला हे काम आवडते की नाही, हे फुकटात कळू शकते. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक पाठ इंटरनेटवर मोफत आहेत. पॅकेट ट्रेसर नावाची प्रणालीही मोफत मिळते. तिच्यात पडद्यावरच राऊटर जोडून, बिघडवून, पुन्हा नीट करता येतो. त्यासाठी मोबाईलपेक्षा संगणक बरा. घरी नसेल तर ओळखीच्या ठिकाणी तासभर मागावा. महिनाभरात पोरगे कंटाळले, तर डोरले वाचले.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरावे लागतात. नेमकी तेव्हाच आपली पेरणीची धांदल असते आणि तारीख निघून जाते. तेव्हा दाखला, गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र ही कागदे उन्हाळ्यातच एका पिशवीत घालून ठेवावीत.