धुराड्याचा वायू, तांब्याचा पत्रा

मळी शहाद्याच्या उसाची असो की कोल्हापूरच्या, ती आंबवून इथेनॉल केलं की ४६ ग्रॅममागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचं परत काही उपयोगी रसायन होईल का?

१९८५ च्या सुमारास जपानच्या चिबा विद्यापीठातील योशिओ होरी यांनी हा वायू बायकार्बोनेटच्या द्रावणात सोडून वीज दिली. चांदीच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइड मिळाला, शिशावर फॉर्मेट. तांब्यावर मात्र चक्क मिथेन आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल असलेला इथिलीन! कारण तांबं कार्बन मोनॉक्साइडला फार घट्टही धरत नाही अन् लगेच सोडतही नाही. तेवढ्यात दोन कार्बन एकमेकांना जोडले जातात.

डोकेदुखी पाण्याची. बरीच वीज त्यातून नुसता हायड्रोजन काढण्यातच जाते. आणि ती वीज कोळशाची असेल, तर वाचवला त्यापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड आपणच हवेत सोडतो.