चार गोळ्यांसाठी जाळी चढायची का?

डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मेंदूतलं त्याचं काम मात्र बरंच वेगळं आहे, आणि ते कनेक्टिकट विद्यापीठातल्या उंदरांनी फार स्पष्ट दाखवून दिलं.

१९९०च्या दशकात जॉन सॅलामोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळात उंदीर सोडले. एका टोकाला खाण्याच्या दोन गोळ्या, दुसऱ्या टोकाला चार. पण चार गोळ्यांच्या वाटेत ४४ सेंटिमीटर उंचीची उभी जाळी. धडधाकट उंदीर बहुतेक वेळा जाळी चढून चार गोळ्या गाठत. मग संशोधकांनी ‘न्यूक्लियस अकम्बेन्स’ या मेंदूतल्या खोल केंद्रातलं डोपामाइन घटवलं. तेच उंदीर आता दोन गोळ्यांवर समाधान मानू लागले.

भूक मेली म्हणावं, तर दोन गोळ्या ते खातच होते. जाळी काढून टाकली की पुन्हा चार गोळ्यांकडेच जात. अंगातलं बळ सरलं म्हणावं, तर दोन गोळ्यांचं टोक रिकामं ठेवल्यावर हेच उंदीर जाळी चढून गेले! कमी-जास्त कळत होतं, चढताही येत होतं. बिघडला होता तो एकच हिशेब: एवढ्यासाठी एवढे कष्ट उपसायचे का?

या हिशेबाची दुसरी बाजू मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांमध्ये पाहिली. रसाचा थेंब अवचित मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं, की त्या दिव्यालाच प्रतिसाद देत. आणि ठरलेला रस आला नाही, तर त्या क्षणी मंदावत. म्हणजे मिळकत अपेक्षेपेक्षा किती जास्त, किती कमी, याची ही नोंद.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते पार्किन्सनच्या रुग्णांसाठी. या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हाताची थरथर सगळ्यांना दिसते. पण बागेत जाणं सुटतं, पेटी उघडायची राहते, फोन करणं टळतं, तेव्हा घरचे म्हणतात, ‘बाबा आळशी झालेत.’ ऑक्सफर्डमधल्या एका प्रयोगात रुग्णांना बक्षिसासाठी मूठ आवळून जोर लावायचा होता. औषध थांबवलेलं असताना छोट्या बक्षिसासाठी झटायची त्यांची तयारी कमी होती. औषध घेतल्यावर ती वाढली. हा आळस नव्हे. त्यांच्यापुढची जाळीच उंच झालेली असते.

डोपामाइनसारखं काम करणाऱ्या काही औषधांनी उलटा प्रकारही घडतो. जन्मात पत्त्याला हात न लावलेला माणूस जुगारात पैसे घालवू लागतो, कुणाला खरेदी आवरत नाही. लाजेपोटी घरात ही गोष्ट दडवली जाते. डॉक्टरांना वेळेत सांगितलं, तर मात्रा कमी करून किंवा औषध बदलून ते बहुधा आटोक्यात येतं. गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करणं मात्र धोक्याचं.