घरचं गॅरेज – भाग ९ : गंजलेल्या कॅलिपरला नवा रंग

मागच्या भागात आपण डिस्कची जाडी मोजली आणि ब्रेक पॅड किती झिजलेत ते पाहिलं. चाक काढल्यावर डिस्कच्याही आधी नजरेत भरला असेल तो तिच्यावर बसलेला तपकिरी, खवले सुटलेला कॅलिपर. मालवण, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत हे चित्र लवकर दिसतं. हवेतलं मीठ आणि पावसाळ्याची ओल एकत्र आली की लोखंडाचा गंज झपाट्याने वाढतो. आज हा कॅलिपर घासून, रंगवून घ्यायचा आहे. पण ब्रश हातात घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की कॅलिपरवरचा सगळा गंज सारखा नसतो. जो दिसतो तो बहुधा निरुपद्रवी असतो, आणि जो ब्रेक अडकवतो तो सहसा दिसत नाही.

कोणता गंज घातक?

बहुतेक छोट्या गाड्यांचा पुढचा कॅलिपर बिडाचा असतो. त्याचं अंग इतकं जाड असतं, की वरवरच्या गंजाने त्याची ताकद कमी होत नाही. खरी मेख त्याच्या हालचालीत आहे. या कॅलिपरमध्ये आतल्या बाजूला एकच पिस्टन असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढून धरतो. पिनांवरचे रबरी बूट फाटले, आत पाणी शिरलं आणि पिना गंजल्या, की हे सरकणं थांबतं. मग आतला पॅड भराभर झिजतो आणि बाहेरचा जवळपास जसाच्या तसा राहतो. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात, ते चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते आणि अॅव्हरेज घटतं.

दुसरी जागा ब्रॅकेटची. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात, तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. त्यांच्याखाली बिडावर गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खाचेत आवळला जातो. बाहेरून कॅलिपर कितीही चकचकीत रंगवला, तरी या दोन जागा तशाच राहिल्या तर ब्रेकमध्ये काहीच सुधारणा होत नाही.

गाडी उभी करताना

जमीन सपाट आणि टणक हवी. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅकने उचलल्यावर गाडीचा भार स्टँडवर द्या. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीशेजारी तासन् तास काम करू नका.

कॅलिपर सोडवताना ब्रेकचा होज उघडू नका. पाइप बंदच राहिला तर हवा शिरत नाही आणि ब्लीडिंगची गरज पडत नाही. सुटा झालेला कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. तो सुटा असताना कोणीही ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येईल.

घासणं आणि धुणं

ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. काही जुन्या पॅडांत अॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमध्ये सुटे भाग रॉकेलने धुण्याची सवय असते, पण ब्रेकला रॉकेल, डिझेल, पेट्रोल वर्ज्य. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं. साबणाचं पाणी आणि शेवटी ब्रेक क्लीनर, एवढं पुरतं.

सुटे खवले तारेच्या ब्रशने काढा. नंतर ८० नंबरचा आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. रबरी बुटांजवळ हातानेच काम करा, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश तिथे नेऊ नका. खाचांतल्या क्लिपा काढून खालचा गंज बारीक कानशीने हलकेच काढा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावता येतं. त्याने गंजाचं फॉस्फेट बनतं आणि वर काळसर थर धरतो. हे द्रव रबरावर आणि पिस्टनवर जाऊ देऊ नका.

पिस्टनचा बूट फाटलेला असेल, त्याच्या कडेला ब्रेक ऑइलची ओल दिसत असेल किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील, तर रंगाचा बेत सोडा आणि कॅलिपर मेकॅनिकला दाखवा. ती दुरुस्ती आधी, रंग नंतर.

रंग कुठे नको

रंग फक्त कॅलिपरच्या आणि ब्रॅकेटच्या बाहेरच्या अंगाला. पिस्टन आणि त्याचा बूट, पिना आणि त्यांचे बूट, ब्लीडरचं निपल, होजचा सांधा, पॅडच्या खाचा, डिस्क, हब, तसंच ब्रॅकेट जिथे बोल्टने आवळला जातो ती जागा हे सगळं मास्किंग टेपने झाका. बोल्टखालचा रंगाचा थर पुढे दबतो आणि बोल्ट सैल पडू शकतो. खाचेतला रंग तर गंजासारखाच पॅड आवळून धरतो.

साधा ऑइल पेंट इथे टिकत नाही. आंबा घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक लागला, की डिस्कचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं आणि ती धग कॅलिपरलाही लागते. म्हणून उष्णता सोसणारा कॅलिपर पेंटच घ्या. स्प्रेपेक्षा ब्रशने लावायचा रंग घरी सोयीचा, कारण तो आजूबाजूला उडत नाही. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या. दोन थरांत किती वेळ थांबायचं, हे डब्यावरच्या सूचनेप्रमाणे ठरवा.

दिवस कोरडा निवडा. घासून उघडं पडलेलं बीड किनाऱ्यावरच्या दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागतं, म्हणून घासणं आणि पहिला थर एकाच दिवशी उरका. पावसाळा सरल्यानंतरची थंडी किंवा पावसाआधीचा एप्रिल या कामाला उत्तम.

जोडणी

पिना पुसून त्यांवर ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. पिन बोटांच्या जोराने आत-बाहेर सरकली पाहिजे आणि पॅड हाताने खाचेत बसला पाहिजे. आजच्या कामाची खरी परीक्षा हीच. कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा.

गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत ब्रेक दाबत राहा. मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात काही वेळा ब्रेक लावून पाहा आणि थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा तपासा. गाडीच्या वहीत आजची तारीख आणि चारही पॅडची जाडी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी एकाच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये मोठा फरक दिसला, तर रंग कितीही ताजा असला तरी त्या कॅलिपरच्या पिना पुन्हा उघडायला हव्यात.

पुढच्या भागात ब्रेक ऑइल : ते हवेतलं पाणी कसं शोषतं, आणि रंगावर सांडलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने का धुवायचं.